भांड्यांची राख

थैलीचं तोंड सुतळीनं बांधताना मथुराबाईनं दोन बोटं जातील एवढी फट मुद्दाम ठेवली. सोनीनं त्या फटीतून नाक बाहेर काढलं आणि रोजच्या सवयीनं तिच्या बोटाला घासलं. मांजर ते, आपल्याला कशासाठी बांधलंय हे त्याला काय ठाऊक! मथुराबाईला ठाऊक होतं, म्हणून तिनं मान दुसरीकडे वळवली.

मी नेतो, असं तिचा मुलगा अतुल म्हणाला. मी आणली, मीच सोडीन, असं म्हणून ती थैली पोटाशी धरून राळेगावची एसटी गाठायला निघाली. राळेगावहून पुढं केळापूरला तिची बहीण कांताबाई राहायची. तिथं सोडलं की इतक्या लांबून मांजर परत येणार नव्हतं.

कारणही तसंच होतं. सून पायल हिला चौथा महिना लागला होता. गेल्या वर्षी तिचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं, आणि तेव्हापासून त्या घरात कोणी मोकळं हसलं नव्हतं. या खेपेला अतुलनं तिला वेळेवर तालुक्याच्या दवाखान्यात दाखवलं. तिथला डॉक्टर नवा, पुण्याकडचा, छापील मराठी बोलणारा. घरात मांजर आहे म्हटल्यावर त्यानं पायलचं रक्त तपासायला घेतलं आणि बजावलं, की मांजराच्या विष्ठेपासून जपा. विष्ठा हा शब्द अतुलनं जन्मात ऐकला नव्हता, आणि विचारायची त्याला लाज वाटली. त्यातलं मांजर तेवढं त्याला समजलं. घरी येऊन त्यानं सांगितलं, "डॉक्टर म्हनते, मांजरापासून जपा."

सोनीला घरात आणणारी मथुराबाईच. गेली तीन वर्षं कापसाला भाव नव्हता, खरेदी केंद्र आज उघडलं तर उद्या बंद. मग पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस पडून राहायचा आणि त्यात उंदरांचं राज्य व्हायचं. सोनीनं ते राज्य मोडलं आणि ढिगाच्या माथ्यावर स्वतःपुरता खळगा करून ती तिथं झोपू लागली. नवरा वारल्यापासून मथुराबाईला बोलायला तीच एक हक्काची होती. पहिलं लेकरू गेलं ते या मांजरापायी, म्हणजे आपल्यापायी, असं आता तिनं मनाशी धरलं आणि जेवण सोडल्यासारखं केलं.

पंधरा दिवसांनी उपकेंद्राच्या नर्सबाई दीपमाला रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. पायल अंगणात भांडी घासत होती. त्या घरात भांडी राखेनंच घासायची, हा मथुराबाईचा नियम. पावडरीनं भांडं नुसतं चमकतं, स्वच्छ होत नाही, यावर ती कोणाशीही भांडायला तयार असे. चुलीतली राख रोज अंगणाच्या कोपऱ्यात पडायची, तिथं तिचा ढीग झाला होता, आणि लागेल तशी मूठभर तिथूनच उचलायची.

दीपमालाबाई फाटकाशी पोचल्या तेव्हा शेजारचा पट्टेरी बोका त्याच ढिगावर बसला होता. त्यानं आपलं काम उरकलं, पुढच्या पंजानं राख ओढून वर नीट टाकली आणि कुंपणावरून निघून गेला. पायलनं मान वर न करताच ढिगाकडे हात नेला.

"पायल, हात मागं घे," दीपमालाबाई जागेवरूनच म्हणाल्या. "त्या राखेले शिवू नोको."

मथुराबाई आतून बाहेर आली. मांजर तर केव्हाच केळापूरला सोडून आले, असं तिनं सांगितलं. दीपमालाबाईंनी डोक्याला हात लावला. मग अतुलला बोलावून डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला आणि इष्ठा की काय असं काहीतरी बोलला.

"इष्ठा नाही, विष्ठा. म्हंजे गू," दीपमालाबाई म्हणाल्या. "डॉक्टर लोकायले गू म्हनाची लाज वाटते, अन् आपल्या लोकायले इचाराची. मावशी, मांजर घरात राह्यलं असतं तरी चाललं असतं. पोटुशी बाईनं मांजराच्या गुवाले हात नाही लावाचा, एवढंच होतं. अन् गावातले सारे मांजरं तर तुमच्या या राखेत येऊन राह्यले."

मग त्यांनी पायलला शेजारी बसवून सारं समजावलं. मांजराच्या गुवातून एक रोग लागतो आणि तो पोटातल्या लेकराला बाधतो. जुनी, दोनचार दिवसांची घाण जास्त वाईट. ती हाताला लागते आणि हातावाटे पोटात जाते. म्हणून मातीतून आल्यावर साबणानं हात धुवायचे, भाजी धुऊन घ्यायची, मटण पुरतं शिजवायचं. रिपोर्ट चांगला होता. हा रोग पायलला आजवर झालेलाच नव्हता, म्हणूनच त्याला रोखायची ताकद तिच्या अंगात नव्हती, आणि आता तो होऊ द्यायचा नव्हता.

मथुराबाईचं लक्ष एकाच शब्दावर अडकलं होतं. "आजवर झालाच नाही? मंग आमचं पयलं लेकरू?"

"ते कायनं गेलं, मले नाही सांगता येत, मावशी. पर मांजरापायी नाही गेलं."

मथुराबाई ओट्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. लेकरासाठी रडली, आणि मांजरासाठीही रडली.

दुसऱ्याच दिवशी ती केळापूरला गेली. सोनी कांताबाईकडून तिसऱ्या दिवशीच पळाली होती. मथुराबाई संध्याकाळपर्यंत गल्लीगल्लीतून हाका मारत फिरली आणि रिकामी थैली घेऊन परत आली.

अतुलनं राखेचा ढीग घरापासून लांब खड्डा करून पुरला. ताजी राख आता चुलीतून सरळ झाकणाच्या डब्यात जाऊ लागली, आणि भांडी मथुराबाई स्वतः घासू लागली. सून आल्यापासून तिनं हे काम केलं नव्हतं. शेजारच्या मैनाबाईनं कुंपणावरून विचारलंच, की सून असून तुमी काहून घासता? "राखेचा नियम माहा होता," एवढंच बोलून तिनं कढई उपडी केली.

सहावा महिना आला. घरातलं कोणी त्याचं नाव काढत नव्हतं. तो सरला, आणि भर मे महिन्यात पायलला मुलगी झाली.

लेक बारा दिवसांची असताना पडून राहिलेला कापूस एकदाचा विकला गेला. टेम्पोवाला देवसिंग तो न्यायला आला. ढिगाच्या माथ्यावरचा खळगा अजून तसाच होता, त्या बाजूला मथुराबाईनं नवा कापूस टाकू दिला नव्हता. तिथला तेवढा कापूस राहू द्या, असं ती म्हणाली. त्यात मांजराचे केस आहेत, तसाही तो कोणी घेणार नाही, असं म्हणत देवसिंगनं तो बाजूला काढून दिला. तिनं तो पदरात घेतला आणि फळीवर उंच ठेवला.

आत नात रडू लागली. पायलनं हाक मारली. मथुराबाई आधी मोरीवर गेली, साबण घेऊन तिनं कोपरापर्यंत हात दोनदा धुतले, कोरडे केले, आणि मग नातीला उचलायला आत गेली.