शालिग्राम नानांचं बोट

"सर, पेन?" नानांच्या हाताखालच्या नूतननं दबक्या आवाजात विचारलं.

शालिग्राम नानांनी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही चाचपले, डोक्यावरची टोपी काढून तिच्यातही पाहिलं. टोपीत पेन कोण ठेवतं! पण माणूस गांगरला की असंच करतो. मघाशी नाला ओलांडताना ते एका दगडावर वाकले होते, तिथंच पेन निसटलं असणार. टॅबच्या काचेवर चालणारं, रबरी टोकाचं ते पेन म्हणजे नानांची झाकली मूठ होती. ती उघडी पडायला आजचाच दिवस सापडला.

"मी पळत जाऊन बघून येते."

"राहू दे. ते बघ, आले."

खाली केळीच्या बागेपाशी जीप थांबली आणि योगेंद्र साहेब उतरले. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एप्रिलचं ऊन असं तापलं होतं की जीपच्या दाराला हात लावताच साहेबांनी तो झटकला. हेच योगेंद्र नोकरीला नवीन लागले, तेव्हा हातोडा कसा धरायचा हे त्यांना नानांनी शिकवलं होतं. आता ते वरिष्ठ होते आणि तपासणीला आले होते.

तपासणीचं कारण नानांना ठाऊक होतं. कुणीतरी शहाण्यानं लॉजवर पंख्याखाली लोळत अख्ख्या डोंगराचा नकाशा टॅबवर रंगवून पाठवला होता. त्यावरून फर्मान निघालं की भूवैज्ञानिकानं खडकाजवळ उभं राहून, साहेबांसमोर, स्वतःच्या हातानं रेघ काढून दाखवायची. ज्याला जमणार नाही त्यानं ऑफिसात बसायचं. नानांच्या नोकरीचं हे शेवटचं वर्ष. देवपूरच्या घरी बायको, पार्वताबाई, तर ऑफिसच्या नावानं खूशच झाल्या असत्या. नानांना मात्र चार भिंती आणि कूलरचा घरघराट नुसता आठवला तरी गुदमरायला व्हायचं.

अडचण एवढीच होती की काचेला नानांचं बोट कळत नव्हतं. सारा जन्म हातोडा, छिन्नी, ॲसिडची बाटली आणि उन्हात तापलेला बेसाल्ट हाताळून बोटांची टोकं टाचेच्या कातडीसारखी झाली होती, कोरडी आणि भेगाळलेली. ही गोष्ट फक्त नूतनला माहीत होती. ते पेन हाती येण्याआधी नाना बोलायचे आणि टॅबवर बोट तिचं फिरायचं.

"नाना, बरे आहात ना?" योगेंद्र वर चढून आले. "चला, हीच डाइक घेऊ. तुम्ही काढा."

समोर केळीची बाग जिथं संपत होती, तिथून काळ्या दगडाची एक उभी भिंत जमिनीतून वर आली होती आणि सरळ टेकडीकडं गेली होती. पृथ्वीच्या पोटातला लाव्हा भेगेतून वर येता येता थिजला, त्याची ही भिंत. पाणी हिच्या एका अंगाला अडतं, दुसऱ्या अंगाला टिपूस लागत नाही. म्हणून नकाशातली रेघ चार हात इकडं की तिकडं, यावर गावाची विहीर ठरते.

नानांनी टॅब हातात घेतला आणि काचेवर बोट ठेवलं. काही झालं नाही. जरा दाबून ठेवलं. बोट पँटला पुसलं, पुन्हा ठेवलं. नकाशा ढिम्म. मग त्यांनी पोथीचं पान उलटताना करतात तसं बोट जिभेला लावलं, तेव्हा रेघ उमटली खरी, पण वीतभर जाऊन मेली. तेवढ्यात कपाळावरून घामाचा थेंब काचेवर पडला आणि रेघेनं थेट नाल्यापलीकडं उडी मारली.

"साहेब, ऊन फार आहे, टॅब तापलाय," नूतन मध्येच म्हणाली. "मी धरू का?"

"नूतन, तू नको." योगेंद्रांचा आवाज कोरडा होता, पण त्यांनी मान दुसरीकडं वळवली. आपल्या गुरूची फजिती बघणं त्यांनाही जड जात होतं.

बागेतून झुंबरबाई वर आली. मळा तिचा. मळ्यात आलेल्याला केळं दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही तिच्या घरची रीत. तिनं सगळ्यांच्या हातात एकेक केळं ठेवलं, नानांचं तर सोलूनच दिलं, कारण त्यांचा एक हात टॅबमध्ये अडकलेला.

"खा ना भाऊ. ती काच कसाले घासी ऱ्हायनात? यंत्र बिघडनं का?"

"यंत्र चांगलं शे, अक्का. मना हातच त्याले वळखू येत नही."

"मंग दुसरा हात लावी देखा," झुंबरबाई सरळ म्हणाली.

नानांना हसू आलं. केळं धरलेला हात त्यांनी टॅबखाली आणायला उचलला, आणि सोललेल्या केळाचं टोक काचेला निसटतं लागलं. नकाशावर लख्ख लाल ठिपका उमटला.

नाना क्षणभर बघतच राहिले. मग त्यांनी चुकलेली रेघ केळानंच पुसली, भिंतीच्या पहिल्या दगडाशी जाऊन उभे राहिले आणि केळाचं टोक काचेवर टेकवून निघाले. चार पावलं चालायचे, दगड बघायचे, रेघ पुढं न्यायचे. काच चिकट झाली, केळाचं टोक झिजलं, त्यांनी ते दातानं तोडून नवं केलं. झुंबरबाई तोंडाला पदर लावून हसत होती. योगेंद्र हसायला लागले आणि मग हसायचं विसरून रेघेकडं बघू लागले. भिंत जिथं किंचित वाकली होती, तिथं रेघही वाकली होती.

"नाना, मानलं! नियमात केळाला बंदी नाही. आता फक्त जमा करा. सकाळी ॲपची नवी आवृत्ती आलीय, शेवटी अंगठा मागते."

नानांनी बाटलीतल्या पाण्यानं अंगठा धुतला, पुसला, ठेवला. 'ओळख पटली नाही.' डावा ठेवला. 'ओळख पटली नाही.' पुन्हा उजवा. अंगठ्यावरच्या रेषा कधीच दगडांनी खाल्ल्या होत्या. तिथं केळाचा काय उपयोग? टॅबनं शेवटची ताकीद दिली की आता जमा न केल्यास नोंद पुसली जाईल.

नूतननं हळूच आपला अंगठा पुढं केला.

"साहेब, माझा लावू?"

"लागेल. पण मग रेघ तुझ्या नावावर जाईल. नानांचं नाव कुठंच येणार नाही." योगेंद्रांनी नानांकडं पाहिलं. "आणि नाना, मग मला तुमची नोंद... जमलं नाही, अशीच करावी लागेल."

नानांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हे डोंगर पायाखाली घातले आणि एका काचेनं आपण कोण म्हणून विचारावं! टॅब तसाच बंद केला तर रेघ जाईल, पण निदान दुसऱ्याच्या नावावर तरी जाणार नाही, हाही विचार मनात येऊन गेला. मग त्यांनी टॅबमधल्या रेघेकडं पाहिलं. बरोबर होती ती.

"लाव, बेटा," ते म्हणाले. "रेघ पुसायची नाही."

नूतननं अंगठा लावला. तिचे डोळे भरून आले होते, पण टॅबला त्याचं काय. त्यानं तिची ओळख लगेच पटवून घेतली.

"सोमवारपासून ऑफिसला या, नाना," योगेंद्र खालच्या आवाजात म्हणाले. "चला आता, जीपमध्ये बसा. ऊन चढलंय."

"सोमवार अजून उजाडायचाय, योगेंद्र." योगेंद्र वरिष्ठ झाल्यापासून आज पहिल्यांदाच नानांनी त्यांना साहेब म्हटलं नाही. "भिंत टेकडीपलीकडं गेलीय. ती कुठं संपते ते बघायचं राहिलंय."

नानांनी हातोडा उचलला आणि ते चढू लागले. टॅब छातीशी धरून नूतन मागोमाग निघाली. योगेंद्रांनी ड्रायव्हरला हातानंच थांबायला सांगितलं, डोक्याला रुमाल बांधला आणि नानांची दगडांची पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला लावली.