ठिपक्यांची वाट

मी एक जुनं प्रवासपुस्तक आहे. मित्रांनो, माझं नाव मात्र विचारू नका. नाव मुखपृष्ठावर होतं आणि मुखपृष्ठ कधीच फाटून गेलं. आता माझी सुरुवात होते ती थेट सातव्या पानापासून. त्या पानावर पहिलंच वाक्य आहे, 'पाठीवर झेपेल तेवढंच ओझं घ्या.' मला उघडणाऱ्याला आधी हा उपदेश ऐकावा लागतो, त्यामुळे अनेकांना मी फार शिष्ट वाटतो. तसा मी नाही.

माझा जन्म एका चित्रकलेच्या मास्तरांच्या पायांतून झाला. हसू नका, खरंच सांगतो. मास्तरांचा खिसा कायम हलका आणि पाय कायम खाजणारे. दर सुट्टीत पाठीवर पिशवी टाकून ते कोकणचा किनारा चालत निघायचे. देवळाच्या ओसरीत झोपायचे, विहिरीचं पाणी प्यायचे, दमले तर एसटीला हात करायचे. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या गावात पाहुण्याला ओसरी मिळते, कुठल्या चढावर सावली नाही, हे सगळं त्यांनी वहीत टिपलं आणि त्या वहीचा पुढे मी झालो. नकाशे त्यांनी स्वतःच्या हाताने काढले. पायवाट त्यांनी ठिपक्यांनी दाखवली आणि खाडीवरची बोटीची वाटही ठिपक्यांनीच दाखवली. दोन वाटांना दोन खुणा करायचा त्यांनी आळस केला. तो आळस मला पुढे चांगलाच भोवला.

पुण्याच्या छापखान्यातून मी सोलापुरात आलो तो मल्हारच्या हाती. मल्हार जुळे सोलापूर या उपनगरात राहायचा, एका कचेरीत नोकरी करायचा. नवी सॅक, नवे बूट आणि नवा मी, असे आम्ही पाच दिवस हर्णैच्या बाजूला हिंडलो. ते पाच दिवस मी अजून विसरलो नाही. तिथे माझ्या बत्तिसाव्या पानावर सोलकढी सांडली आणि एका दुपारी मल्हार मला उशाला घेऊन किनाऱ्यावर झोपला, तेव्हा माझ्या शिवणीत वाळू शिरली. परत आल्यावर तो म्हणाला, "पुढच्या वर्षी खाली गुहागरपर्यंत जायचं."

ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. मी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गेलो. एका बाजूला प्लॅस्टिकची फुलं, दुसऱ्या बाजूला कॅरमची ढाल. पाहुणे यायचे, मला बघून म्हणायचे, "अरे वा, बरंच फिरता वाटतं!" मल्हार हसायचा आणि मीही आतल्या आत फुगायचो. कौतुक कुणाला आवडत नाही? पण अकरा वर्षं नुसतं कौतुक खाऊन पोट भरत नाही, मित्रांनो.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. दुपारी काच तापायची, सगळं घर पंख्याखाली निजायचं आणि माझ्या शिवणीतली वाळू हळूच हलल्यासारखी वाटायची. मग मला भरतीचा आवाज ऐकू यायचा. कपाटाची काच निळी व्हायची, ढालीवर शेवाळ चढायचं आणि मी त्या पाण्यातून ठिपक्याठिपक्याने पलीकडच्या काठाकडे सरकायचो. गुहागरच्या वाटेवरची ती खाडी मी कधी ओलांडली नव्हती. माझ्या पोटात ती वाट छापलेली होती आणि मीच त्या वाटेने गेलो नव्हतो. संध्याकाळी कुणीतरी दिवा लावला की समुद्र ओसरायचा.

शेवटी घराला रंग द्यायचा निघाला आणि मी इतर अडगळीबरोबर सात रस्त्याला आप्पांच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर येऊन पडलो. आप्पा भला माणूस. पुस्तकांवर ऊन आलं की स्वतःची छत्री आमच्यावर धरायचे. पण त्यांचे गुडघे गेले होते. लेकाकडे राहायला जायचं ठरलं होतं आणि येत्या शनिवारी उरलेली पुस्तकं रद्दीत द्यायची होती. माझ्या शेजारी एक जाडजूड, गुळगुळीत, सगळा देश पोटात घेतलेलं प्रवासपुस्तक येऊन बसलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली गत. येणारा प्रत्येक जण आधी त्यालाच हात लावायचा.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा नुकतीच उरकली होती. त्या सुमारास संस्कृती आली. सोलापूरजवळच्या होटगीची मुलगी, सात रस्त्याजवळच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी. तिला आयुष्यात पहिल्यांदा सलग नऊ दिवसांची रजा मिळाली होती आणि तिला एकटीने, पाठीवर सॅक टाकून, कमीत कमी खर्चात समुद्र बघायचा होता. तिने आप्पांना सगळं सांगून टाकलं. तिचे वडील बापूसाहेब रेल्वेत रूळ तपासायचं काम करत. ते म्हणाले होते, "माझ्या आईनं जा म्हटलं तर जा. जल्मभर फिरलीया ती." आणि आज्जी म्हणाली होती, "वाटाड्या बघितल्याबिगर पोर सोडनार न्हाय."

म्हणजे संस्कृतीचं जाणं-न जाणं त्या आज्जीवर होतं आणि आज्जीचं हो-नाही आमच्यावर.

दुसऱ्या दिवशी संस्कृती आज्जीला घेऊनच आली. बजाबाई तिचं नाव. मेंढरांमागे चाळीस वर्षं चाललेली धनगर बाई. पाठीचा कणा अजून ताठ आणि नजर लांबचं बघायची सवय असलेली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. तिने गाड्यापुढे बैठक मारली आणि म्हणाली, "दाव एकेक."

संस्कृतीने आधी मोबाइल पुढे केला. "आज्जी, खरं तर यात सगळंच असतंय की."

"ह्याला रोज चारा घालाय लागतो," आज्जी म्हणाली. "घरात तू सांच्याला वायर शोधत फिरतीस. रानात कुटं शोधशील? ऱ्हाऊ दे संगट, पन वाटाड्या न्हवं ह्यो."

मग त्या गुळगुळीत जाड्याची पाळी आली. आज्जीने त्याला तळहातावर घेतलं, कोकराचं वजन करावं तसं दोनदा वर-खाली केलं आणि खाली ठेवलं. "लई जड. वाटाड्यानं आपल्याला न्यायाचं, का आपुन त्याला?" माझ्या सातव्या पानाला त्या क्षणी जो आनंद झाला, तो मी लपवत नाही.

मग तिने मला उचललं. संस्कृती प्रामाणिक पोर. ती म्हणाली, "आज्जी, हे लई जुनं आहे. मी काल फोनवर बघितलं, यातल्या निम्म्या खानावळी बंद झाल्यात." मी मान खाली घातली. ते खरंच होतं. पण आज्जीने विचारलं, "पानी कुटं कुटं हाय ते सांगतंय का?" संस्कृतीने पानं उलटली. प्रत्येक मुक्कामाला विहीर लिहिलेली होती. "मग? खानावळी बंद पडत्यात. हिरी उठून कुटं जात न्हायत."

एवढं बोलून तिने माझ्या शिवणीतून बोट फिरवलं. तिच्या तळहातावर चार कण वाळू पडली. तिने ती दोन बोटांत चोळून बघितली. "ह्ये जाऊन आल्यालं हाय," ती हळूच म्हणाली. मला इतक्या वर्षांत कुणी असं ओळखलं नव्हतं.

आणि मग नकाशा उघडला. बजाबाईला अक्षरं परकी, पण वाट परकी नाही. ठिपके बघताच तिचा चेहरा फुलला. "हा बघ मेंढरांचा माग! लेंड्या पडल्यात तशा." तिचं बोट ठिपक्यांवरून निघालं. टेकडी उतरली, गाव ओलांडलं, दाभोळला आली आणि निळ्यावर थबकली. "ह्ये निळं काय?"

"खाडी आहे. पाणी."

"आनि माग पुढं पान्यातनं गेलाय?"

"तिथं बोट असते, आज्जी. लई मोठी. गाड्यासुद्धा नेतात तिच्यातून."

"बोट कुटं काडलीया हितं? माग काडलाय. चालायचा माग." आज्जीचा आवाज बदलला होता. "तुज्या बापाचा जल्म बी नव्हता तवाची गोष्ट. भीमेला पानी चढल्यालं. वाटाड्या म्हनला, हितनं चालत जावा, गुडघ्याएवडंच हाय. साठ मेंढरं गेली माजी, डोळ्यांदेखत. पान्यातनं वाट दावनारा वाटाड्या मला नगं. तू जायाचं न्हाय, पोरी."

संस्कृतीने पुष्कळ समजावलं. आज्जी ऐकेना. शेवटी संस्कृतीने मला गाड्यावर ठेवलं, उलटं, पाठ वर करून, आणि दोघी निघून गेल्या. माझ्या मास्तरांनी त्या खाडीवर एवढीशी होडी काढली असती तर काय बिघडलं असतं? त्यांच्यावर मी जन्मात पहिल्यांदा रागावलो.

शनिवार उजाडला. आप्पा सुतळीने गठ्ठे बांधत होते. मी पाचव्या गठ्ठ्यात, दोन जाड व्याकरणांच्या मधे दबलो होतो. आता स्वप्नंसुद्धा पडत नव्हती. एवढ्यात ओळखीचा आवाज आला. होटगीहून एसटीने बजाबाई एकटीच आली होती.

"परवाचं ते पुस्तक द्या," ती म्हणाली.

"कुठलं, आज्जी? नाव सांगा की."

"नाव वाचता आलं आसतं तर पोरीला आनलं नसतं व्हय? तिला ठावं न्हाय मी आलीया. दोन दिस झालं, पोर बोलत न्हाय. सॅक खुंटीला टांगून टाकली. रागावली आसती तर बरं वाटलं आसतं."

आप्पांनी गठ्ठ्यांकडे हात केला. आठ गठ्ठे, कुठल्यात मी ते त्यांनाही आठवेना. रद्दीवाल्याचा टेंपो यायची वेळ झाली होती. आज्जी खाली बसली आणि तिने पहिली सुतळी सोडली. एकेक पुस्तक हातात घेऊन ती त्याच्या शिवणीतून बोट फिरवू लागली. आप्पा म्हणाले, "आज्जी, अशानं सापडायचं न्हाय." ती मान वर न करता म्हणाली, "दोनशे मेंढरं होती माजी. एकाला बी नाव नव्हतं. पन दुसऱ्याच्या कळपातलं कोकरू चुकून कदी आनलं न्हाय."

मी हाक मारू शकत नव्हतो. मित्रांनो, पोटात एवढे शब्द असून एकही हाक येऊ नये, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. दुसरा गठ्ठा झाला, तिसरा झाला, चौथा झाला. रस्त्याच्या कडेला टेंपो येऊन उभा राहिला. पाचव्याची सुतळी सुटली, व्याकरण बाजूला झालं आणि तिचं बोट माझ्या शिवणीत आलं. मी होती नव्हती ती सगळी वाळू तिच्या हातावर सोडली. "गावलं गं बाई," ती म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

आप्पांनी विचारलं, "पाण्यातनं वाट दाखवतंय म्हणून ठेवलं होतं की तुम्ही. मग आता कसं काय?"

आज्जीने मला पदराने पुसलं. "दोन दिस इचार केला. साठ बुडाली तेवडंच ध्यानात ऱ्हायलं होतं. मागं ऱ्हायल्याली कशी आली पल्याड? खालच्या अंगाला एक म्हातारा होडीवाला हुता. ईस-ईस करून न्हेली त्यानं सगळी, पार दिस मावळंपातूर. चालत गेल्याली बुडाली. बसून गेल्याली तरली की. ही बी गोष्ट माजीच हाय, पन मी निम्मीच धरून बसले हुते."

घरी तिने मला संस्कृतीच्या हातात दिलं तेव्हा पोर रडली आणि हसलीही. आज्जीने काळ्या लोकरीचा एक धागा वळून माझ्यात खुणेला घातला. म्हणाली, "वाटंत जे बदललं आसंल ते ह्यात लिव. आमी मुक्काम हलवताना चुलीचं दगड मोडत न्हवतो. मागनं येनाऱ्याला लागत्यात."

मित्रांनो, हे सगळं मी तुम्हाला कुठून सांगतोय, ओळखा पाहू. कपाटातून नाही आणि गाड्यावरूनही नाही. माझ्या पानांना खारा वारा लागतोय. संस्कृतीने गेल्या चार दिवसांत माझ्या समासात बारीक अक्षरांत बरंच लिहिलंय. बंद खानावळीवर काट मारून शेजारच्या काकूंचं घर लिहिलंय, एका विहिरीपुढे 'अजून गोड' असं लिहिलंय. माझी पानं दुमडलीत, एका कोपऱ्याला मासळीचा वास येतोय आणि मी इतका देखणा कधीच नव्हतो.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. आम्हाला जपा, पण काचेत ठेवून जपू नका. आमच्यावर डाग पडू द्या, समासात लिहा, आणि तुमचं झालं की पुढच्याच्या हातात द्या. आणि आमच्यातलं काही चुकलेलं दिसलं तर आम्हाला टाकून देण्याआधी ते नीट करून घ्या. माझ्या नकाशावर संस्कृतीने आज सकाळी निळ्या पेनाने एक इवलीशी होडी काढली. मास्तरांचा आळस तिने भरून काढला.

आता बोटीचा भोंगा वाजला. दाभोळचा काठ मागे सरकतोय, पलीकडे धोपावे हिरवं दिसतंय आणि मधे तेच पाणी आहे, जे मी अकरा वर्षं काचेत बघत होतो. मी तिच्या मांडीवर उघडा आहे. तिने फोन लावला आहे.

"आज्जी, मी ठिपक्यांवर आहे."

मग होटगीहून बजाबाई विचारते, "बसून हायस न्हवं?"

"बसूनच आहे, आज्जी."

"मग तरशील," ती म्हणते. "जा पल्याड."