डावा खांदा

"एक पिन लावते मामा. आतून. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"पिन लंगोटाला लावतात," ओबिरीमामा म्हणाले. "तू सरक तिकडे, उजेड अडवू नकोस."

मी सरकले. मी कपडे शिवते, त्यामुळे टाचण्या आणि पिना माझ्या ओठांत नाहीतर दंडावरच्या उशीत कायम असतात. पण त्यातली एकही मामांनी अंगाला लावून घेतली नाही. त्यांची खोली माझ्या खोलीसमोर, मध्ये अंगण. दार सताड उघडं टाकून ते पहाटेपासून आठ वार काळ्या कापडाशी झुंजत होते. एक टोक दातांत, दुसरं पलंगाच्या खांबाला अडकवलेलं, आणि हे महाशय स्वतःच गोल फिरून त्यात गुंडाळून घेत होते. शेवटचा पदर उजव्या हाताने डाव्या खांद्यावर टाकायचा आणि डाव्या हाताने आतून धरून ठेवायचा. सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

नऊ महिन्यांपूर्वी दुकानात एकाची दाढी करताना त्यांच्या डाव्या हातातून गिऱ्हाइकाची हनुवटी सुटली, आणि पाठोपाठ मामाही खाली बसले. गिऱ्हाईक अर्ध्या फेसाने गावभर ओरडत धावलं. झटका आला होता. कुमासी शहरातल्या दवाखान्यात पाय महिन्याभरात वळणावर आला, हात नाही. तिथल्या लार्टेबाईंनी व्यायाम शिकवले. टेबलावर फडकं पसरून हाताने पुढे ढकलायचं, मागे ओढायचं. वाडग्यातले चवळीचे दाणे एकेक करून उचलायचे.

"हात रुसलाय, मेलेला नाही. रोज हाक मारा," त्या म्हणायच्या.

"माझी बायको इतकी रुसली नाही कधी," मामा म्हणायचे.

घरी हाक मारून घेण्याचं काम अचियामावशीचं. ती आमची घरमालकीण, ऐंशीच्या घरातली, जिभेला हाड नसलेली. सकाळी लापशी घेऊन यायची, त्यांच्या सदऱ्याची बटणं लावायची, केंकीच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाच्या, गोळ्यावरची मक्याची पानं सोडून द्यायची, आणि ते करताना इतकं घालूनपाडून बोलायची की दया वगैरे वाटायला जागाच उरायची नाही. पुढे पुढे तिने एकेक काम सोडून दिलं. केंकी पानासकट ताटात आपटायची. मामा ती डाव्या कोपराखाली दाबून उजव्या हाताने सोलायला शिकले. पाण्याची पिशवी दातांनी फोडायला शिकले. बटणं लागायला पाच महिने लागले.

राहिला होता तो हा कपडा. सदरा-पँट घालून बाजारात जाता येतं, पण आमच्या गावात शनिवारच्या मातीला पुरुष माणूस खांद्यावर कपडा घेऊनच जातो.

"माझ्या मातीला स्वतः नेसून ये," मावशी त्यांना म्हणाली होती. "माझ्यामागे तुला नेसवायला कोण बसलंय?"

आणि तीन आठवड्यांपूर्वी ती खरंच गेली. आमच्यात माती अशीच सवडीने, सगळा गाव जमवून होते. आज तिची होती.

"डॉन्कोर असणार तिथे," मी म्हटलं. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

"असू दे."

"त्याच्यासमोर खांदा उतरवावा लागेल, मामा."

"मी उतरवणार नाही."

डॉन्कोर आमच्या गावचा प्रमुख. प्रमुखासमोर आलं की पुरुषाने डाव्या खांद्यावरचा कपडा छातीपर्यंत खाली घ्यायचा आणि वाकायचं, हा रिवाज. पण प्रमुख व्हायच्या आधी डॉन्कोर मामांचा जिवलग होता, दुकानातला भागीदार, शेजारच्या खुर्चीमागे उभा राहणारा. अकरा वर्षांपूर्वी सेरवामामी वारली. तिच्या मातीच्या दिवशी हा गृहस्थ बंदरावर जुनी गाडी सोडवायला गेला आणि चौथ्या दिवशी त्याच गाडीतून हॉर्न वाजवत परतला. आमच्यात माणूस काहीही विसरेल, मातीला कोण आलं नाही ते विसरणार नाही. मामांनी त्याच दिवशी दुकानाच्या मध्ये फळ्यांची भिंत घातली. तीन वर्षांपूर्वी डॉन्कोर प्रमुख झाला तेव्हापासून तो जिथे बसेल तिथे मामा गेले नाहीत. गावातली एकेक माती चुकत गेली, आणि लोकांनीही हळूहळू त्यांच्या दाराशी येणं सोडलं. सणासुदीलाही त्या दारात फक्त मावशीची चप्पल दिसायची.

"आजारी आहात, सदऱ्यावर चला. कुणी नाव ठेवणार नाही," मी शेवटचं सांगून पाहिलं.

"आजारी आहे म्हणूनच ठेवणार नाहीत. ते नकोय मला." त्यांनी पदर फेकला. तो बसला. आतून डाव्या बोटांनी तो पकडला, आणि कापडावर बोटांची चार टोकं उमटली. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला रडूच आलं. मी सरळ सांगते, मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी टाचणी गिळली असती.

मंडपात तीन बाजूंनी खुर्च्या, सगळा गाव सुतकाच्या काळ्या-तांबड्या कपड्यांत. कर्ण्यावर गाणी इतकी मोठी की मावशी असती तर उठून बंद करून आली असती. मामा रिवाजाप्रमाणे उजवीकडून सुरू झाले. एकेकाचा हात हातात घेत, डावीकडे सरकत. माणसं दचकून वर बघत होती. "ओबिरी? तू?" एक म्हातारी म्हणाली, "अरे, हा तर स्वतःच्या पायाने आलाय!" मी चार पावलं मागे होते. मला फक्त ती बोटांची चार टोकं दिसत होती.

खुर्च्या मी मोजल्या नव्हत्या. मोजायला हव्या होत्या. लार्टेबाईंकडे तो हात एका दमात पाच मिनिटं काम करायचा. इथे पंधरा होऊन गेली होती.

डॉन्कोर मधोमध, छत्रीखाली. जाडा झालाय. मामा त्याच्यासमोर आले आणि ताठ उभे राहिले. मंडपातली कुजबुज थांबली. कुणीतरी कर्णाही बंद केला. मामांनी मान हलवली, फक्त मान, आणि पुढे जायला पाऊल उचललं.

तेवढ्यात बोटांची टोकं दिसेनाशी झाली. पदर आधी खांद्यावर सैल झाला, मग दंडावरून घरंगळत खाली आला आणि छातीशी थांबला. तो सावरायला मामा उजव्या हाताने खाली वाकले. म्हणजे खांदा उतरला आणि माणूसही वाकला. रिवाजात सांगितलंय अगदी तसं.

सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. "देवा रे," माझ्या शेजारची पुटपुटली, "अकरा वर्षांनी!"

प्रमुख चारचौघांत स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने त्याचा प्रवक्ता बोलतो. पण डॉन्कोर प्रवक्त्याला बाजूला सारून उठला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला होता.

"ओबिरी, सेरवाच्या वेळी मी चुकलो," तो म्हणाला. "यायला हवं होतं. रोज सकाळी आरशात बघताना आठवतं. तू आज... तू मोठा निघालास रे."

मामांचं तोंड उघडं होतं. मला ठाऊक होतं त्यांना काय म्हणायचंय. माझा हात सुटला, एवढं म्हटलं असतं की सेरवामामीची बाजू राखली जात होती. पण तसं म्हणायचं म्हणजे सगळ्या गावासमोर सांगायचं की हा हात अजून माझा नाही, कपडा पेलत नाही, नेसला तरी धरायला कुणीतरी लागतं. सगळे बघत होते. मी मनात म्हणत होते, बोला मामा, काहीही बोला.

मामांनी तोंड मिटलं. डॉन्कोरने दोन्ही हातांनी त्यांचा उजवा हात धरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मातीच्या मंडपात टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

परतताना आठ-दहा जण त्यांना दारापर्यंत सोडायला आले. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं रविवारी येतो. मामा सगळ्यांना हो हो म्हणाले आणि आत गेले.

दिवेलागणीला मी त्यांच्यासाठी सूप घेऊन गेले. दार पुरतं लागलं नव्हतं. फटीतून मला ते दिसले. सदरा अंगात नव्हता, काळा कपडा कमरेभोवती ढीग होऊन पडला होता, आणि भिंतीवरच्या सेरवामामीच्या फोटोसमोर ते पलंगावर बसले होते.

"मी उतरवला नाही गं," ते म्हणत होते. "हात सुटला. तिथे सांगता आलं नाही मला. लाज वाटली."

आमच्यात माफी मागताना डावा तळवा उघडून पुढे धरतात आणि त्यावर उजवा हात उताणा ठेवतात. मामांचा डावा हात मांडीवर मूठ होऊन पडला होता. उजव्याने त्यांनी त्याला मदत केली नाही. एक बोट सुटलं, मग दुसरं. मी सूप हातात धरून उभी राहिले. अंगठा सगळ्यात शेवटी निघाला. तळवा उघडला, मांडीवरून थोडा वर उचलला गेला, आणि मामांनी त्यावर उजवा हात ठेवला.