तानुआत्याची मुकादमी

आमच्या मानवतच्या जिनिंगमधल्या बायका सुट्टी झाली की फाटकाशी एकमेकींच्या पाठी झटकायच्या. दिवसभर कापूस निवडला की लुगड्याला, केसांना, अगदी भुवयांनासुद्धा पांढरं चिकटतं. कस्तुराबाई माझ्या आत्याची पाठ झटकताना दोन धपाटे मुद्दाम जास्त घालायची अन् म्हणायची, मुकादमीण झालीस म्हणून काय सोडते तुला. मालक किशनराव तिथंच बाजेवर बसून हसायचे. कुणाचं लेकरू तापलंय तेही त्यांना ठाऊक असायचं. आत्या, म्हणजे तानुबाई, तिथं अकरा वर्षं मुकादमीण. शाळेसाठी मी, तिची भाची केवळा, तिच्याकडंच राहते, म्हणून मला हे सगळं पाठ.

मग जर्मनची लढाई संपली आणि जिनिंग वाढली. एका शेडची तीन झाली, चाळीस बायकांच्या दोनशे झाल्या. किशनराव माडीवरच्या हापिसात गेले अन् खाली हैदराबादेहून व्यंकटराव मॅनेजर आले. पत्र्याचे बिल्ले आले, बाईला नावाऐवजी नंबरानं हाक सुरू झाली. एवढंही चाललं असतं. पण दिवाळीनंतर हुकूम सुटला की बायका लुगड्यात कापूस लपवून नेतात, तेव्हा रोज प्रत्येकीची झडती होईल, आणि ती मुकादमीण घेईल.

आत्यानं चार दिवस झडती घेतली. लुगड्याचे ओचे, कमरेची कनवट, सगळं चाचपलं. सापडलं काहीच नाही. पाचव्या दिवशी दुपारी ती भाकरी घेऊन लिंबाखाली बसायला गेली, तर कस्तुराबाईनं आपलं फडकं बांधलं आणि उठून गेली. तिच्यामागं बाकीच्याही. त्या संध्याकाळी आत्या भांडी आदळत होती. चुलीवर चिडली, माझ्या पाटीवर चिडली. मग एकदम खाली बसली.

"माझ्याच हातानं माझ्या बायका चोर ठरायल्यात, केवळे."

मी म्हटलं, थांब, मी अर्जी लिहिते. हापिसातला कारभार उर्दूत चालतो, अन् उर्दूत वर्गातल्या सगळ्या पोरांच्या पुढं माझा नंबर असतो, मला कसली भीती. मी दोन पानं लिहिली. झडती बंद करा, निदान आत्याच्या हातानं तरी करवू नका, असं लय अदबीनं लिहिलं. आत्यानं खाली अंगठा उमटवला आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्वतः ती घेऊन मॅनेजरकडं गेले.

व्यंकटरावांनी अर्जी दोनदा वाचली. मी फुगले. ते म्हणाले, अक्षर मोत्यासारखं आहे बेटी, आमच्या मुन्शीचं कुणाला लागतच नाही. मग अर्जीवर दौत ठेवून त्यांनी कोरा कागद माझ्याकडं सरकवला. झडतीशिवाय कुणी बाहेर जाणार नाही, अशी फाटकावर लावायची नोटीस मी उर्दूत आणि मराठीत लिहून द्यायची होती.

मी म्हटलं, मी अर्जीचं उत्तर न्यायला आले.

"चाळीस होत्या तेव्हा भरवसा चालला," ते म्हणाले. "दोनशेचा कुणी ठेवायचा?"

मी कागद तसाच टाकून निघाले. रागानं कानशिलं तापली होती. फाटकाशी आत्याला भडाभडा सगळं सांगितलं.  भोंगा झाला, बायका रांगेला लागल्या. आत्यानं मुकादमीचा बिल्ला काढून चौकीदाराच्या स्टुलावर ठेवला आणि रांगेत सगळ्यात मागं जाऊन उभी राहिली.

झडती घ्यायला कुणीच नव्हतं. रांग हलेना. व्यंकटराव फाटकाशी आले, त्यांनी आत्याला दरडावून पाहिलं. वर माडीच्या खिडकीत किशनराव दिसले. सगळ्या बायकांनी माना वर केल्या, तशी त्यांनी खिडकी लावून घेतली. शेवटी दिवेलागणीला झडतीविनाच फाटक उघडावं लागलं.

दोन दिवसांत पाथरीहून नवी मुकादमीण आली. झडती चालूच आहे. आता आत्याचीही होते. ती खाली बसून कापूस निवडते, एकशे सत्याऐंशी नंबर. मी तिच्याशी भांडले. अकरा वर्षांची मुकादमी घालवून मिळवलं काय? झडती तर थांबलीच न्हाई.

"होऊ दे झडती," ती म्हणाली. "माझ्या हातानं तर होईना झाली."

मला हे पटलेलं नाही. कस्तुराबाई तिच्याशी अजून मोजकंच बोलते. कालपासून फक्त भाकरी खाताना शेजारी बसू देते, आणि आत्या त्यातच खूश आहे.