डावं शिंग

शशिधरने टेबलावरचं शिंग दोन्ही हातांनी उचललं, पण ते छातीपर्यंत येईना. अरुणाने पुढे होऊन दुसरं टोक धरलं.

"केवढं जड आहे हो!"

"आणि हे नुसतं एका बाजूचं," तो धापा टाकत हसला.

कुंपणापलीकडे हरणाच्या कुळातला, घोड्याएवढा मूस मान तिरकी करून उभा होता. डावं शिंग पहाटेच गळलं होतं. तिथे लालसर, ओलसर खूण दिसत होती. उजवं अजून डोक्यावर होतं.

"दुखत नाही त्याला," प्राणिसंग्रहालयात त्याची देखभाल करणारी मेगन म्हणाली. "वसंतात शिंगं फुटतात. आत हाड वाढतं, वर रक्ताने भरलेली मखमली कातडी असते. शरदाच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन वाढलं की कातडी सुकते, तो ती झाडावर घासून काढतो. मग माद्यांसाठी झुंजी. हंगाम सरला की हार्मोन उतरतं, मुळाशी हाड विरतं आणि शिंग पडतं. हिवाळाभर ओझं वाहायला नको. वसंतात पुन्हा नवं."

शशिधरने मफलर सैल केला. जानेवारीच्या गारठ्यातही त्याचं कपाळ घामेजलं होतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी तेच हार्मोन दाबणारी इंजेक्शनं सुरू झाल्यापासून हे असंच चाललं होतं. मार्चमध्ये ती संपतील, मग सगळं हळूहळू पूर्वीसारखं होईल, या आशेवर अरुणाने वर्ष काढलं होतं.

"आणि ते हार्मोन परत आलंच नाही तर?" शशिधरने विचारलं.

मेगन म्हणाली, "खच्ची केलेल्या नरांचं तसं होतं. नवी शिंगं येतात, पण पक्की होत नाहीत. मखमल तशीच राहते. कडक थंडीत गोठतात."

तिला कुणीतरी हाक मारली, तशी ती गेली.

"असं का विचारलंत?" अरुणा म्हणाली.

त्याने शिंग सांभाळून टेबलावर ठेवलं.

"इंजेक्शनं थांबणार नाहीयेत, अरुणा. गुरुवारी स्कॅनचा रिझल्ट आला. हाडांत गेलंय."

गुरुवारी 'रूटीन आहे, तू ऑफिसला जा' म्हणून तो एकटाच हॉस्पिटलला गेला होता. संध्याकाळी तिच्या शेजारी बसून त्याने मेथी निवडली होती, एकेक पान खुडून. आज स्वारी खुशीत दिसतेय, असं तिला वाटलं होतं.

तिला बरंच विचारायचं होतं. पलीकडे मूस उरलेलं शिंग खांबावर घासत राहिला.

लेक अक्षरा मँचेस्टरला शिकायला गेली तेव्हापासून तिची खोली रिकामी होती. आजार सुरू झाल्यावर शशिधरने आपलं अंथरूण तिकडे हलवलं होतं. अरुणाने कारण विचारलं नव्हतं. मनात मात्र नाही नाही ते आणलं होतं.

"आजपासून आपल्या खोलीत झोपा," ती म्हणाली.

"घाम फुटतो गं. चादर भिजते. तुझी झोप मोडते."

तिने त्याच्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं. हात तिथेच राहिला.

"मोडू दे."