घोट्याशी आवळलेली रबरी पँट

मी एक जुनी पावसाळी पँट आहे, काळ्या जाड रबरी कापडाची, आणि मित्रांनो, मला पाण्याची भीती वाटते. हसा, खुशाल हसा! पावसासाठीच शिवलेल्या पँटने पाण्याला भ्यावं, म्हणजे थट्टाच की नाही? पण आधी माझं ऐकून घ्या.

घाटकोपरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला शिवलं. शिवणींवर आतून रबरी पट्ट्या चिकटवल्या, कमरेला नाडी ओवली. दोन्ही मांड्यांपाशी एकेक चीर ठेवली, म्हणजे आतल्या पँटच्या खिशात हात घालता येतो. फार सोयीची वाटली होती तेव्हा ती चीर. तिनेच पुढे घात केला.

मला विकत घेतलं मुलुंडच्या काशीरामने. माणूस मूळचा मालवणकडचा. तो कामाला होता ती कापडगिरणी बंद पडल्यावर तो भांडुपच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळायला लागला. पावसात त्याच्या वाटेवर गुडघ्यापर्यंत पाणी साचायचं, आणि त्यात गटाराची घाण, मेलेले उंदीर, काय काय तरंगत असायचं. काशीराम माझी खालची टोकं घोट्याशी सुतळीने करकचून बांधायचा. पावलं तेवढी भिजायची, पोटऱ्या कोरड्या. चाळीत माझं कोण कौतुक! "झकास पँट हां, काशीरामभाऊ!" असं कोणी म्हटलं की मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं.

मग त्याच्या मुलीला डोंगराचं वेड लागलं. तिचं नाव प्रेमा. ती एका ऑफिसात टायपिस्ट होती आणि तिथल्या मैत्रिणीबरोबर, अनुपमाबरोबर, रविवारी मुलुंडच्या मागच्या डोंगरात भटकायची. त्याआधीच्या पावसाळ्यात प्रेमाला न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून ती नुसती शिंकली तरी काशीरामचा जीव थाऱ्यावर नसायचा. म्हणून एका रविवारी त्याने मला खुंटीवरून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

अनुपमा तिला न्यायला आली होती. तिने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, हे काय चढवतेयस? उकडून मरशील यार! माझ्यासारखी हाफ पँट घाल. भिजली तर भिजली, चालता चालता वाळते."

"चाळीतून उघड्या पायांनी जायचं?" प्रेमाची आई विमला आतून ओरडली. "लोक तोंडात शेण घालतील!"

काशीराम तोवर लेकीच्या पायाशी उकिडवा बसला होता. मुलीला तो मालवणीत चेडू म्हणायचा. "गप रव गो चेडवा. घट्ट बांधतंय. पाणी आत जावक नको."

त्याने नेहमीसारखीच गाठ मारली. त्याचं काय चुकलं? त्याने पाणी पाहिलं होतं ते रस्त्यावरचं, साचलेलं. डोंगरातलं पाणी वेगळं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

अर्धा डोंगर चढेपर्यंतच माझी पंचाईत झाली. बाहेरचा एक थेंब मी आत येऊ दिला नाही, पण घामाचं काय करणार? हवा गरम, दमट. माझ्या आत प्रेमाचे पाय उकडून निघत होते. आतला सुती लेंगा पिळून काढावा इतका ओला झाला होता. तिला धाप लागली, तोंड लालबुंद झालं.

"काढून टाक ना ती," अनुपमा म्हणाली.

"नको गं. बाबांना कबूल केलंय."

परतताना ओढा लागला. सकाळी त्यात घोटाभरच पाणी होतं, आता वरच्या पावसाने तो लाल होऊन घोंघावत होता. बरोबर आलेल्या भटक्यांचा विद्याधर नावाचा म्होरक्या पुढे होता. "थांबूया," असं तो म्हणाला खरा, पण अंधारून यायला लागलं होतं आणि सगळ्यांना घरची काळजी. शेवटी एकमेकांचे हात धरून पाण्यात उतरले.

मध्यावर पाणी मांड्यांना लागलं आणि त्या चिरांतून आत घुसलं. बाप रे! आत आलं ते बाहेर जाईना. खाली सुतळी होती ना! मी भरत गेले, पाण्याने भरलेल्या पखालीसारखी तट्ट फुगले. प्रेमाला पाऊल उचलता येईना. मला तिला सोडायचं होतं हो, पण मी तिचे पाय धरून ठेवले होते. ती पडली. डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, परत गेलं.

विद्याधरने तिचा दंड पकडून तिला एका खडकाला दाबून धरलं. अनुपमा गाठ सोडायला गेली, पण सुतळी भिजून अशी आवळली होती की सुटेना. नखं तुटली तिची. मग विद्याधरने खिशातला चाकू दातांनी उघडला आणि मला गुडघ्यापासून खाली टराटरा फाडलं. भळाभळा पाणी निघून गेलं. मित्रांनो, फाटताना मला एवढंच वाटत होतं, फाड रे बाबा, लवकर फाड!

प्रेमा जगली. पण घरी येऊन काय म्हणाली? "काट्यांत अडकून फाटली, बाबा." बापाला धक्का बसेल म्हणून खोटं बोलली. काशीरामने सायकलवाल्याकडून रबराचा तुकडा आणि सोल्युशन आणलं आणि मला मन लावून सांधलं. तो एकेक ठिगळ दाबत होता आणि मी भीतीने गार होत होते.

पुढच्या रविवारी तो पुन्हा लेकीच्या पायाशी बसला. हातात सुतळी. पहिला वेढा पडला आणि प्रेमाने पोटऱ्या आखडून घेतल्या. ते मला आतून कळत होतं. बोल गं बाई, बोल! मला तोंड असतं तर मीच किंचाळले असते.

"बाबा, नका बांधू," ती एकदम रडायला लागली. "मी बुडाले होते. ह्या सुतळीमुळे. मेलेच असते मी."

काशीरामचे हात जागच्या जागी थांबले. तिने सगळं सांगितलं. त्याने सुतळी सोडून बाजूला टाकली.

"मगे काय घालतलस?" त्याने मान खाली घालूनच विचारलं.

"हाफ पँट."

"अहो, पण चाळीतले काय म्हणतील?" विमला म्हणाली.

"म्हणांदेत. माजा चेडू जिता होया माका," काशीराम म्हणाला. लेक जिवंत हवी, बाकी कशाची त्याला पर्वा नव्हती.

मित्रांनो, आता माझी एकच विनवणी आहे. वस्तू घेताना ती कुठे वापरायची ते बघा. रस्त्यावरची पँट डोंगरात नेऊ नका, आणि वाहत्या पाण्यात उतरताना अंगावर काही बांधून ठेवू नका. आणि मायेने दिलेली वस्तू तुम्हाला जाचत असेल तर देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. त्या दिवशी प्रेमा अजून थोडा वेळ गप्प बसली असती, तर तिच्या बापाने स्वतःच्या हातांनी तिला परत बांधून पाठवलं असतं.