माझ्या पोटातला भुसा

मी एक जुनी गिअरपेटी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! दसऱ्याला झेंडूचा हार मिळतो तो मोटारीच्या तोंडाला. तिच्या पोटाखाली तेलात बुडून बसलेल्या आम्हाला कोण विचारतो? पण इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवतो तो आम्हीच.

माझा जन्म विलायतेतला. सोलापुरात एका गिरणीच्या साहेबाच्या मोटारीत मी काही वर्षं मानाने राबले. मग एक धसमुसळा ड्रायव्हर आला. त्याच्या ओढाताणीत माझ्या मुख्य चक्राचे दोन दात तुटले, आणि तेव्हापासून मी करकरायला लागले. साहेबाने नवी मोटार घेतली, जुनी मोडीत निघाली, आणि मी नव्या पेठेमागच्या धोंडीरामच्या जुन्या लोखंडाच्या दुकानात येऊन पडले.

धोंडीराम तोंडाचा गोड. त्याने माझं झाकण उघडून तुटके दात पाहिले. ते बदलायचे सोडून त्याने घट्ट तेलात लाकडाचा भुसा कालवला आणि माझ्या पोटात भरला. भुसा दातांच्या फटींत बसला, माझी करकर बंद झाली. दुखणं मात्र होतं तिथेच होतं.

एका शुक्रवारी दिवेलागणीला निंगप्पा दुकानात आला. अक्कलकोट ते सोलापूर तो उतारूंची मोटार चालवायचा, आणि त्याच्या मोटारीची पेटी फुटली होती. घाई उतारूंसाठी नव्हती. त्याची लेक कमलम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल पोटात आडवं आहे, कळा सुरू झाल्या की थेट सोलापूरचा दवाखाना गाठा, असं सुईणीने बजावलं होतं.

"आवाज करती का वो ही?" निंगप्पाने विचारलं.

"कान लावून बगा की मालक! लई गुणाची हाय," धोंडीराम म्हणाला.

निंगप्पाने माझा दांडा हाताने फिरवला आणि खाली वाकून कान लावला. अरे बाबा, घेऊ नकोस मला, असं ओरडावंसं वाटलं. पण पोटात भुसा! त्याने समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोटला त्याने मला मोटारीत बसवलं. जुनी पेटी आणली की आधी तिच्यातलं तेल बदलायचं, ही त्याची रीत. तेल काढलं असतं तर भुसा त्याच्या हातातच आला असता. पण घरात ताजं तेल नव्हतं. तो डबा घेऊन निघाला, तोच बायको नागम्मा दारात आडवी आली.

"आज शनवार. पोर अवघडलेली हाय. आज तेल इकत आणून घराला साडेसाती लावू नगा."

निंगप्पाही शनीला भिणारा. "व्हय, ते बी खरं. हाय ते तेल ऱ्हाऊ दे. उद्या बदलू की," म्हणत त्याने डबा खाली ठेवला. दोघांचाही जीव लेकीपायी तुटत होता.

कळा त्याच दुपारी सुरू झाल्या. निंगप्पाने लेकीला मोटारीत घातलं आणि सोलापूरची वाट धरली.

वाटेतल्या वळसंग गावापर्यंत मी कसाबसा तग धरला. मग भुसा चुरून बाजूला सरला आणि माझा आवाज परत आला. मी जीव खाऊन ओरडले! निंगप्पाने दचकून खाली पाहिलं, पण ओढ्याचा चढ समोर आला होता. त्याने गिअर बदलला, आणि माझे आणखी दात कडाकड तुटले. मोटार उभी राहिली.

"काय झालं, अप्पा?" कमलम्माने कण्हत विचारलं.

"काय न्हाय, बाळ. आत्ता निगू." निंगप्पा खाली उतरून हाका मारू लागला.

ज्ञानबा नावाचा मेंढपाळ मेंढरं सोडून धावत आला, आणखी चौघे आले. माझा फक्त वरचा गिअर शाबूत होता, आणि तो उभी गाडी हलवू शकत नाही. माणसांनी ढकलावं, मोटारीने धावावं, पुढच्या चढाला पुन्हा अडावं, असं करत दिवस बुडाला तेव्हा दवाखाना आला.

कमलम्मा वाचली. मूल मात्र रडलंच नाही. "थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढे त्याने माझं झाकण उघडलं. तेलाबरोबर काळा भुसा त्याच्या तळहातावर आला. "मीच तेल आणू दिलं न्हाय," म्हणून नागम्मा रडू लागली.

"तुज्या हातानं न्हाय घातला गं भुसा," तो म्हणाला.

शेजारचा चन्नप्पा त्याच्या भल्यासाठीच बोलला, "पुन्ना भुसा भर आणि इकून टाक. तुला फसवलं, तूबी फसव."

"आन् त्या मोटारीत कुणाची लेक बसंल, ते तुला ठावं हाय?" निंगप्पाने विचारलं. त्याने मला घासलेटने धुतलं, सगळा भुसा उकिरड्यावर टाकला, आणि मला अंगणात ठेवलं. माझं झाकण त्याने पुन्हा कधी लावलं नाही. जुनं सामान घ्यायला निघालेल्यांना तो आधी माझे दात दाखवतो.

मित्रांनो, एखादी वस्तू करकरली तर तिच्यावर चिडू नका, तिला काय दुखतंय ते पाहा. तिचं तोंड बुजवून तर कोणाच्या गळ्यात मुळीच मारू नका. त्या शुक्रवारी दुकानात मला करकरता आलं असतं, तर शनिवारी कमलम्माचं बाळ रडलं असतं.